मंद उजेडातल्या लग्नासाठी झूम लेन्स कशी निवडावी

लग्नाच्या हॉलमध्ये डोळ्यांना भरपूर वाटणारा उजेड कॅमेऱ्याच्या हिशेबात फार थोडा असतो. सजावटीचे पिवळे दिवे, काही मेणबत्त्या, मंचावर एखादा झोत आणि उरलेला हॉल अर्धवट काळोखात असेल, तर आयएसओ १०० (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता; वाढवली की चित्र उजळतं, पण दाणेदार होतं) आणि एफ/२.८ (लेन्सच्या छिद्राचं, म्हणजे ॲपर्चरचं माप; आकडा लहान तितकं छिद्र मोठं) ला बरोबर एक्स्पोजर, म्हणजे चित्राला पुरेसा उजेड, मिळायला साधारण पाव सेकंद लागतो. पाव सेकंदात स्थिर उभा राहिलेला माणूससुद्धा हलतो. शटर १/१२५ वर न्यायचं, तर पाच स्टॉपचा उजेड (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) कुठून तरी भरून काढावा लागतो. तो आयएसओमधून येतो: २००, ४००, ८००, १६००, ३२००. हा झाला एफ/२.८ चा हिशेब. त्याच जागी, त्याच शटरला एफ/४ ची लेन्स लावली की आयएसओ ६४०० होतो आणि एफ/५.६ ची लावली की १२८००.

दुकानात लेन्स बघताना नजर आधी रेंजवर (मिलिमीटरमधली फोकल लेंग्थ; आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं लांबचं जवळ) जाते, २४ ते ७०, २४ ते १०५, २८ ते २०० अशी. मंद उजेडातल्या लग्नासाठी हा क्रम उलटा करावा लागतो. ज्या फोकल लेंग्थला तुमचे सगळ्यात जास्त फोटो निघणार आहेत, तिथे लेन्स किती उघडते हे आधी बघा. रेंज त्यानंतर.

आधी त्या जागेचा उजेड मोजा

शक्य असेल तर ज्या वेळी समारंभ आहे त्याच वेळी जागा बघून या आणि त्या दिवशी जे दिवे लागणार आहेत तेच लावायला सांगा. दिवसा पडदे उघडे ठेवून पाहिलेला हॉल काही उपयोगाचा नाही. वधू-वर जिथे उभे राहणार तिथे कुणाला तरी उभं करा. कॅमेरा मॅन्युअलवर ठेवून शटर १/१२५, तुमच्याकडे असेल ते ॲपर्चर आणि ऑटो आयएसओ लावा. मीटरिंग स्पॉटवर (फक्त एका लहान ठिपक्याचा उजेड मोजणं) ठेवून चेहऱ्यावर रोखा. संपूर्ण फ्रेमचं मीटरिंग इथे फसवतं, कारण पाठीमागचे दिवे मीटरला खोटा दिलासा देतात आणि चेहरा एक-दोन स्टॉपने काळा येतो. चेहऱ्याचा रंग फार उजळ किंवा फार गडद असेल तर त्याच्या शेजारी करड्या रंगाचा कागद धरून मोजा.

आलेला आयएसओ एफ/२.८ च्या हिशेबात बदलून घ्या. एफ/५.६ ला मोजला असेल तर दोन स्टॉप खाली, म्हणजे चौथा भाग. एफ/४ ला मोजला असेल तर निम्मा. मग असं ठरवता येतं:

- एफ/२.८ ला १६०० किंवा त्याहून कमी आला, तर एफ/४ ची स्थिर ॲपर्चरची झूमही काम करेल. वजन आणि खर्च दोन्ही वाचतात.
- ३२०० ते ६४०० च्या दरम्यान आला, तर एफ/२.८ पेक्षा कमी उघडणारी लेन्स घेऊ नका. बहुतेक संध्याकाळचे हॉल इथेच बसतात.
- १२८०० किंवा वर गेला, तर एकटी झूम पुरणार नाही. सोबत एफ/१.४ किंवा एफ/१.८ ची प्राइम लेन्स (झूम नसलेली, एकाच फोकल लेंग्थची) हवी किंवा फ्लॅशची परवानगी हवी.

जागा आधी बघता येत नसेल, तर तिथे आधी झालेल्या समारंभाचे मूळ फोटो मिळवा. एक्झिफ माहितीत (कॅमेऱ्याने फोटोच्या फाइलमध्ये केलेली नोंद) शटर, ॲपर्चर आणि आयएसओ तिन्ही असतात, त्यावरून वरचाच हिशेब करता येतो.

१/१२५ हा आकडा उभ्या, बोलणाऱ्या माणसांसाठी आहे. पोज देऊन उभं असलेलं जोडपं १/१०० ला चालतं. चालत येणाऱ्या माणसाला १/२०० ते १/२५०, आणि नाचणाऱ्याला फ्लॅशशिवाय १/२५० ते १/४०० लागतो. म्हणजे नाचाच्या वेळी आणखी एक-दीड स्टॉप जाणार हे धरूनच लेन्स निवडा.

बॅरलवरचे आकडे नीट वाचा

लेन्सच्या पुढच्या कडेला १:२.८ असा एकच आकडा असेल, तर पूर्ण रेंजभर तेच ॲपर्चर मिळतं. १:३.५-५.६ असे दोन आकडे असतील, तर पहिला फक्त रुंद टोकाला खरा असतो आणि झूम वाढवाल तसं ॲपर्चर बारीक होत जातं. लग्नात लांबचं टोकच जास्त वापरलं जातं, आणि नेमका तिथेच उजेड घटतो. टॅमरॉनची २८-२०० एफ/२.८-५.६ प्रवासासाठी सुरेख लेन्स आहे, वजन जेमतेम ५७५ ग्रॅम. पण तिचा एफ/२.८ फक्त २८ मिमीच्या आसपास टिकतो. २०० मिमीला ती एफ/५.६ असते, म्हणजे उजेड चौथ्या भागावर. खोक्यावरचा “२.८” बघून ती अंधाऱ्या हॉलसाठी घेणं चूक ठरेल.

बदलत्या ॲपर्चरचा दुसरा त्रास मॅन्युअल एक्स्पोजरमध्ये होतो. एफ/३.५ ला सेटिंग बसवलं आणि झूम केलं की फोटो आपोआप काळवंडतो. ऑटो आयएसओ ठेवलात तर एकामागून एक फोटोंचा नॉईज (दाणेदारपणा) वेगवेगळा येतो आणि अल्बममध्ये शेजारी लावले की ते दिसतं.

याला एक चांगला अपवाद आहे. टॅमरॉनची ३५-१५० एफ/२-२.८. तिच्यावरही दोन आकडे आहेत, पण पूर्ण उघडल्यावरचं सर्वांत लहान ॲपर्चरसुद्धा एफ/२.८ आहे. ३५ मिमीला एफ/२ मिळतो आणि साधारण ८० मिमीपासून पुढे एफ/२.८. दोन आकडे दिसले की लेन्स लगेच बाजूला टाकू नका, दुसरा आकडा किती आहे ते बघा.

एफ-आकडा हे भूमितीचं माप आहे, प्रत्यक्ष उजेडाचं नव्हे. झूम लेन्समध्ये १५ ते २० काचा असतात आणि प्रत्येक काचेत थोडा उजेड अडतो. म्हणून एफ/२.८ ची झूम आणि एफ/२.८ ला ठेवलेली प्राइम यांचं एक्स्पोजर अगदी सारखं येत नाही, झूम किंचित मागे पडते. फरक साधारणपणे स्टॉपच्या तिसऱ्या भागाच्या आसपास असतो. एवढ्यासाठी लेन्स बदलायची गरज नाही, पण आयएसओचा हिशेब अगदी काठावर बेतू नका.

रेंज ठरवायची ती हॉलच्या लांबीवरून

फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) आडव्या फ्रेममध्ये किती रुंदी मावते याचं गणित सोपं आहे. ३६ ला फोकल लेंग्थने भागा आणि अंतराने गुणा. तीन मीटरवरून २४ मिमीला साडेचार मीटर रुंदी मावते, २८ ला ३.८५ मीटर, ३५ ला ३.१ मीटर. आठ मीटरवरून ७० मिमीला ४.१ मीटर, १५० ला १.९ मीटर आणि २०० ला १.४४ मीटर.

हे आकडे हातात घेऊन हॉलकडे बघा. तयारीची खोली लहान असेल आणि भिंतीला पाठ लावूनही तीनच मीटर मिळत असतील, तर २४ आणि २८ मधला अर्ध्या मीटरहून जास्तीचा फरक तुम्हाला नक्की जाणवेल. विधी चालू असताना छायाचित्रकाराला आठ मीटरच्या आत येऊ देत नसतील, तर ७० मिमीला वधू-वर चार मीटरच्या फ्रेममध्ये इवलेसे दिसतील आणि आजूबाजूची खुर्च्या-माणसं फ्रेम भरून टाकतील.

क्रॉप करून भागेल असं वाटत असेल, तर तोही हिशेब करून बघा. २४ मेगापिक्सेलचा ७० मिमीचा फोटो १०५ मिमीएवढा कापला की १०.७ मेगापिक्सेल उरतात, १४० मिमीएवढा कापला की ६. कमी उजेडात मेगापिक्सेल कमी होणं हा तोट्याचा अर्धाच भाग आहे. उरलेला तुकडा मोठा केल्यावर नॉईजही मोठा दिसतो. १०५ पर्यंतचा क्रॉप चालतो. १४० चा फक्त अगदी निकडीला.

या सगळ्यातून साधारण तीन वाटा निघतात.

पहिली वाट २४-७० एफ/२.८ ची. जागा लहान, माणसं जवळ आणि तुम्हाला मोकळं फिरू दिलं जात असेल, तर हीच घ्या. सोनीची एफई २४-७० एफ/२.८ जीएम दुसरी आवृत्ती ६९५ ग्रॅमची आहे, निकॉनची झेड २४-७० एफ/२.८ एस पहिली आवृत्ती ८०५ ग्रॅमची, आणि कॅननची आरएफ २४-७० एफ/२.८ ९०० ग्रॅमची, पण तिच्यात स्टेबिलायझेशन (हाताची थरथर भरून काढणारी सोय) आहे. सिग्माच्या आर्ट मालिकेतली २४-७० चित्राच्या दर्जात या लेन्सच्या अगदी जवळ जाते.

दुसरी वाट २८ पासून सुरू होणाऱ्या हलक्या लेन्सची: टॅमरॉन २८-७५ एफ/२.८ जी२ (५४० ग्रॅम), सिग्मा २८-७० एफ/२.८ (४७० ग्रॅम), कॅनन आरएफ २८-७० एफ/२.८ आयएस एसटीएम (४९५ ग्रॅम). उजेडाच्या बाबतीत त्या मोठ्या लेन्सइतक्याच आहेत. जातात ते रुंद टोकाचे चार मिमी, आणि काही ठिकाणी बटणं, रिंगा, कडेची तीक्ष्णता. आठ-दहा तास कॅमेरा हातात असणाऱ्याला दोन-तीनशे ग्रॅमचा फरक संध्याकाळी मनगटात कळतो, आणि थकलेला हात १/६० ला स्थिर राहत नाही. पैसे किंवा ताकद मर्यादित असेल तर या लेन्स निःशंकपणे घ्याव्यात असं आमचं मत आहे. २४ मिमीला गट फोटोत कडेची माणसं तशीही ताणली जाऊन रुंद दिसतात, ती फोकल लेंग्थ माणसांसाठी जपूनच वापरायची असते.

तिसरी वाट ३५-१५० ची. हॉल मोठा, अंतर जास्त आणि एकच बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) असेल तर हिला तोड नाही. गटापासून एकट्या चेहऱ्यापर्यंत सगळं लेन्स न बदलता होतं. किंमत वजनात मोजावी लागते, सोनी माउंटची १,१६५ ग्रॅम भरते. शिवाय ती सोनी ई आणि निकॉन झेड माउंटलाच मिळते. लहान खोलीत मात्र ३५ मिमीला पाठ भिंतीत शिरेपर्यंत मागे सरकावं लागतं, त्यामुळे सोबत एखादी लहान २० किंवा २४ मिमीची प्राइम ठेवा.

७०-२०० एफ/२.८ उत्तम लेन्स आहे, पण एकटी असताना ती बहुपयोगी राहत नाही. दुसऱ्या बॉडीवर असेल तरच.

कोणत्या वाटेने जायचं याचा आणखी एक पुरावा तुमच्याकडेच असतो. आधीच्या समारंभांचे, तुम्ही निवडून दिलेले फोटो फोटो-सॉफ्टवेअरमध्ये फोकल लेंग्थप्रमाणे लावा. निवडलेलेच घ्या, काढलेले सगळे नकोत. बरेच फोटो ७० ला अडकलेले दिसले, तर तुम्हाला लांब टोक हवं आहे. २४ ते ३५ मध्ये गर्दी असेल, तर १५० साठी एक किलोचं ओझं वागवायचं कारण नाही.

एफ/२ च्या झूम

कॅननची आरएफ २८-७० एफ/२ २०१८ मध्ये आली, १,४३० ग्रॅमची आणि ९५ मिमी फिल्टरची. सोनीची २८-७० एफ/२ जीएम २०२४ मध्ये आली आणि ९१८ ग्रॅमवर थांबली. एक स्टॉप मिळतो, म्हणजे ६४०० च्या जागी ३२००. तो खरा फायदा आहे आणि फ्लॅशबंदी असलेल्या काळोख्या जागेत त्याची किंमत मोठी आहे.

पण एफ/२ वर फोकसची खोली कमी होते हे लक्षात घेऊन घ्या. ७० मिमी, दोन मीटर अंतर, फ्रेममध्ये जोडपं कमरेपर्यंत. एफ/२.८ ला सुमारे १४ सेंटिमीटर भाग तीक्ष्ण राहतो, एफ/२ ला १० सेंटिमीटर. दोघांपैकी एकाचा चेहरा २० सेंटिमीटर मागे असेल तर दोन्ही ॲपर्चरला तो मऊ पडतो, आणि दोघंही तीक्ष्ण हवे असतील तर एफ/४ वर जावं लागतं. मग घेतलेला स्टॉप परत गेला. गट फोटोत उलट घडतं, आणि ते अनेकांना ठाऊक नसतं. ३५ मिमीला चार मीटरवरून एफ/२.८ ठेवला तरी खोली दोन मीटरहून जास्त असते. दोन रांगांचा गट त्यात आरामात मावतो, फक्त फोकस पुढच्या रांगेवर ठेवा. सवयीने एफ/८ लावून आयएसओ आठपट वाढवण्याची गरज नसते.

एपीएस-सी बॉडी असेल तर

एपीएस-सी सेन्सर फुल-फ्रेमपेक्षा क्षेत्रफळाने सव्वादोनपट लहान असतो (कॅननचा अडीचपटीहून थोडा जास्त लहान). म्हणून एकाच मापाचा प्रिंट काढला, तर एपीएस-सीवरचा एफ/२.८ नॉईजच्या हिशेबात फुल-फ्रेमच्या एफ/४ सारखा वागतो. एक्स्पोजर तेच येतं, पण एकूण जमलेला उजेड कमी असतो. एपीएस-सीवर एफ/४ ची झूम मंद हॉलसाठी घेऊच नये ती यामुळे.

सिग्मा १८-५० एफ/२.८ केवळ २९० ग्रॅमची आहे आणि टॅमरॉन १७-७० एफ/२.८ मध्ये स्टेबिलायझेशन आहे, ५२५ ग्रॅम. दोन्हींत लग्नासाठी आमचा कल १७-७० कडे आहे, कारण तिची रेंज फुल-फ्रेमच्या २५-१०५ सारखी पडते. उजेडच कमी पडत असेल तर सिग्माची एफ/१.८ ची झूम बघा: डीएसएलआरसाठी (आत आरसा असलेला कॅमेरा) २०१३ ची १८-३५, मिररलेससाठी (आरसा नसलेला) १७-४०. त्या एफ/२.८ पेक्षा सव्वा स्टॉपहून थोडा जास्त उजेड देतात, म्हणजे फुल-फ्रेमवर एफ/२.८ लावणाऱ्याशी बरोबरी होते. लांब टोक मात्र सोडावं लागतं.

अंधारात फोकस लागेल का

लेन्सच्या मोठ्या ॲपर्चरचा दुसरा उपयोग ऑटोफोकसला होतो, आणि मंद उजेडात तो आयएसओइतकाच महत्त्वाचा ठरतो. नॉईज असलेला तीक्ष्ण फोटो देता येतो. फोकस चुकलेला देता येत नाही.

कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात ऑटोफोकस उणे ४ किंवा उणे ६ ईव्हीपर्यंत (ईव्ही हे उजेडाचं माप; जितकं उणे तितका काळोख) चालतो असं लिहिलेलं असतं. त्या ओळीशेजारची बारीक अक्षरं वाचा. कॅननच्या ईओएस आर६ साठी दिलेला उणे ६.५ ईव्ही हा आकडा एफ/१.२ लेन्स लावल्यावरचा आहे. एफ/२.८ लावली की जवळपास अडीच स्टॉप कमी होतात, एफ/५.६ लावली की साडेचार. जुन्या डीएसएलआरमध्येही अनेक बॉडींचा मधला फोकस बिंदू एफ/२.८ किंवा त्याहून मोठ्या लेन्सबरोबर जास्त अचूक चालतो. काही मिररलेस बॉडी तुम्ही लावलेल्या ॲपर्चरवरच फोकस करतात. तिथे एफ/५.६ वर फोटो काढत असाल तर फोकसलाही एफ/५.६ चाच उजेड मिळतो, मग लेन्स एफ/२.८ ची का असेना.

मोटर कोणती आहे तेही विचारा. रेषीय किंवा व्हॉइस-कॉइल मोटर वेगवान आणि शांत असते. जुन्या लेन्समध्ये बॉडीतल्या स्क्रूने फिरणारा फोकस असतो. तो विधीच्या शांततेत ऐकू येतो आणि काही बॉडींवर चालतच नाही: निकॉनच्या एफटीझेड ॲडॅप्टरमध्ये ती मोटर नाही, त्यामुळे एएफ-डी लेन्स त्यावर हातानेच फोकस करावी लागते. कॅननच्या ईएफ लेन्स आरएफ बॉडीवर ॲडॅप्टरने व्यवस्थित चालतात. जुनी ईएफ २४-७० एफ/२.८ दुसरी आवृत्ती वापरलेली मिळाली तर ती अजूनही उत्तम निवड आहे.

कॅमेऱ्यावरचा फोकस-साहाय्य दिवा मोठ्या लेन्सच्या हूडमागे झाकला जातो. त्यावर विसंबून राहू नका. गडद कापडावर फोकस शोधत बसू नका, कॉलरची कड, चेहरा, दागिन्याची चमक अशा जिथे उजेड-सावलीची रेघ आहे तिथे बिंदू ठेवा.

स्टेबिलायझेशनला किती किंमत द्यावी

ते तुमच्या हाताची थरथर थांबवतं, समोरच्या माणसाची हालचाल नाही. माणसांच्या फोटोला शटर १/१२५ च्या आसपास किंवा वर ठेवावाच लागतो, आणि ७० मिमीपर्यंत त्या वेगाला हात तसाही बऱ्यापैकी स्थिर असतो. उपयोग होतो तो रिकाम्या हॉलच्या सजावटीला, टेबलावरच्या मांडणीला, अंगठ्यांना. तिथे १/१५ ला आयएसओ ८०० वर स्वच्छ फोटो मिळतो. बॉडीत स्टेबिलायझेशन असेल तर लेन्समध्ये नसलेलं चालेल. बॉडीत नसेल आणि लेन्स १०० मिमीच्या पुढे जात असेल तर लेन्समध्ये असलेली बरी. पण एफ/४ आणि स्टेबिलायझेशन विरुद्ध एफ/२.८ आणि ते नसणं अशी निवड आली, तर लग्नासाठी एफ/२.८.

दिवे फ्रेममध्ये आल्यावर

मंद हॉलमधल्या फोटोत उजेडाचे उगम फ्रेममध्येच असतात. म्हणून लेन्सचं कोटिंग इथे भर दुपारपेक्षा जास्त महत्त्वाचं. चाचणीसाठी एक उघडा बल्ब फ्रेमच्या कोपऱ्यात ठेवा, हळूहळू मध्यावर आणा आणि कुठे हिरवट-जांभळे डाग उमटतात, कुठे सगळ्या चित्रावर धूसर पडदा येतो ते बघा. यूव्ही फिल्टर काढून ठेवा. सेन्सरवरून परतलेला उजेड फिल्टरच्या सपाट काचेवर आपटून दिव्यांची उलटी प्रतिबिंबं चित्रात उतरवतो. पुढची काच जपायला हूड पुरतो.

मागचे धूसर दिवे कसे गोल दिसतात तेही बघून घ्या. काही झूममध्ये त्या गोलांच्या आत वर्तुळाकार रेघा दिसतात, साच्यातून काढलेल्या ॲस्फेरिकल काचांमुळे. कडेला गोल चपटे होणं मात्र पूर्ण उघड्या ॲपर्चरला जवळजवळ सगळ्याच लेन्समध्ये होतं, त्यासाठी लेन्स नाकारू नका.

कोपऱ्यांचा काळवंडलेपणा दिसायला किरकोळ वाटतो, पण आयएसओ ६४०० ला तो दुखतो. कोपरा दोन स्टॉप काळा असेल आणि सॉफ्टवेअरने तो उजळवला, तर त्या कोपऱ्याचा नॉईज २५६०० सारखा येतो. अशा फोटोत कोपरे अर्धवट काळेच राहू द्या, चेहऱ्याकडे लक्ष जायला मदतच होते. गटाच्या फोटोत मात्र कडेच्या माणसांना त्याचा फटका बसतो, तिथे शक्य तेवढी माणसं मध्याकडे घ्या.

घेण्याआधी किंवा भाड्याने आणल्यावर तपासणी

शक्य असेल तर लेन्स आधी भाड्याने आणा आणि समारंभाच्या आदल्या दिवशी नव्हे, दोन-तीन दिवस आधी. खराब निघाली तर बदलायला वेळ हवा.

१. बारीक मजकूर किंवा विटांची भिंत कॅमेऱ्याशी अगदी समांतर ठेवून २४, ३५, ५० आणि ७० ला पूर्ण उघड्या ॲपर्चरवर फोटो काढा. चारही कोपरे सारखे मऊ असतील तर ती लेन्सची मर्यादा. एकच बाजू मऊ असेल आणि कॅमेरा सरळच होता अशी खात्री असेल, तर काचा सरकलेल्या आहेत. अशी प्रत परत करा.

२. एकाच दिव्याच्या खोलीत कुणाला तरी तुमच्याकडे चालत यायला सांगा. सर्वांत लांब फोकल लेंग्थला, एफ/२.८, १/२५० वर वीस फोटो काढा आणि १०० टक्के मोठे करून डोळे तपासा. पंधरापेक्षा कमी तीक्ष्ण आले तर लेन्स, बॉडी किंवा फोकस सेटिंग यांपैकी काहीतरी जुळत नाही. मिररलेसवर आधी लेन्सचं फर्मवेअर अद्ययावत करून पुन्हा बघा. डीएसएलआरवर फोकस सतत पुढे किंवा मागे पडत असेल तर बॉडीतलं सूक्ष्म समायोजन वापरा.

३. लेन्स खाली तोंड करून धरा आणि कॅमेरा हलवा. बॅरल आपोआप बाहेर घसरत असेल तर चालताना झूम बदलत राहील.

४. वापरलेली लेन्स असेल तर मागच्या बाजूने टॉर्च मारून पुढून तिरकस बघा. जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, सर्वत्र सारखा धुरकट थर म्हणजे काचेवर साचलेली वाफ किंवा तेल. धुळीचे काही कण चालतात, या दोन गोष्टी नाहीत. उघड्या दिव्यासमोर अशी लेन्स सगळं चित्र फिकट करते.

५. व्हिडिओही काढायचा असेल तर फोकस करून झूम करा. फोटोसाठीच्या बहुतेक झूममध्ये फोकस सरकतो, त्यामुळे झूम करून मग फोकस अशी सवय लावावी लागते.

जवळून किती दिसतं तेही एकदा पाहा. टॅमरॉन २८-७५ जी२ रुंद टोकाला १८ सेंटिमीटरवर फोकस करते, पण तेवढ्या जवळ गेलं की लेन्सचीच सावली अंगठीवर पडते. दागिन्यांसाठी ७० च्या टोकाचं किमान अंतर जास्त कामाचं.

झूमसोबत एक लहान प्राइम

कितीही चांगली झूम घेतली तरी ३५ किंवा ५० मिमीची एफ/१.८ प्राइम पिशवीत ठेवा. ती एफ/२.८ पेक्षा एक स्टॉप आणि वर तिसरा हिस्सा जास्त उजेड देते. दिवे एकदम कमी केले गेले आणि झूमवर आयएसओ १२८०० च्या वर जाऊ लागला, तर दहा सेकंदांत ती लावता येते. बजेट ठरलेलं असेल तर महागडी २४-७० एकटी घेण्यापेक्षा हलकी २८-७५ आणि एक ५० एफ/१.८ अशी जोडी घ्या. मंद हॉलसाठी ही जोडी जास्त सुरक्षित आहे.

फ्लॅश चालणार असेल तर गणित पुष्कळ सैल होतं. पांढऱ्या, तीनेक मीटर उंच छतावर फ्लॅश उसळवला तर एफ/४ आणि आयएसओ १६०० ला काम होतं, आणि २४-१०५ एफ/४ ची लांब रेंज वापरता येते. पण छत काळं, लाकडी किंवा फार उंच असेल तर उसळवलेला उजेड परत येतच नाही. आणि मुख्य विधीच्या वेळी फ्लॅश बंद ठेवायला सांगितलं जाऊ शकतं, हे आधीच विचारून घ्या.

त्या दिवशीची सेटिंग

लेन्स पूर्ण उघडी ठेवा, शटर हाताने लावा, ऑटो आयएसओची कमाल मर्यादा १२८०० ठेवा. दिवे एलईडी असतील तर यांत्रिक शटर वापरा. इलेक्ट्रॉनिक शटरवर चित्रात आडवे पट्टे येतात. ५० हर्ट्झची वीज असलेल्या ठिकाणी शटर १/१०० ला आणि ६० हर्ट्झला १/१२५ ला ठेवला की लुकलुकण्याचा परिणाम सर्वांत कमी दिसतो. यापेक्षा वेगवान शटर लागणार असेल तर कॅमेऱ्यातलं अँटी-फ्लिकर चालू करा. मंद केलेल्या एलईडीची लुकलुक मात्र विजेच्या वारंवारतेशी बांधलेली नसते, तिथे पट्टे नाहीसे होईपर्यंत शटर थोडा थोडा बदलून बघावा लागतो. हे पाहुणे येण्याआधी करा, कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा करून तपासा, आणि सापडलेलं सेटिंग मोड डायलवरच्या सी१ मध्ये साठवून ठेवा.